आंब्याच्या ऑर्डरी, तीन ठिकाणची माणसं आणि जेमतेम रेंज : मोबाइलवरचा धंदा तुम्ही कसा सांभाळता?

खाडीकाठ

मंडळी, मोहोर बरा धरलाय, थंडीही वेळेवर पडली. म्हणजे आमच्या घरात दरवर्षीचा वाद सुरू व्हायला हरकत नाही : यंदा ऑर्डरी कुठे लिहायच्या?

देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला आमची कलमं आहेत. गावी काका-काकी आणि मी, चुलतभाऊ डोंबिवलीला, बहीण पुण्यात. माल गावातून निघतो, ऑर्डरी पुण्या-मुंबईत येतात, पैसे तिघांच्या खात्यांत पडतात आणि बोलणी मात्र एकट्या मला खावी लागतात.

जुन्या दिवसांच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही. पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या, त्या रातोरात वाशीला जायच्या आणि मग अडत्याकडून पट्टी यायची. हमाली, तोलाई, भाडं वजा होऊन खाली जो आकडा असेल त्याला मान डोलवायची. फळ कोणी खाल्लं, गोड लागलं की साका (आतला पांढरा, कापसासारखा खराब गर) निघाला, काही पत्ता नाही. २०१६ मध्ये युपीआय आलं, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओने डेटा फुकट वाटायला सुरुवात केली आणि २०१८च्या जानेवारीत वॉट्सॅप बिझनेस आलं. या तीन गोष्टी एकापाठोपाठ आल्या नसत्या तर आमच्याएवढ्या बागायतदाराला थेट गिऱ्हाईक परवडलंच नसतं. मग २०२०च्या टाळेबंदीत शहरातल्या सोसायट्या एकगठ्ठा पेट्या मागायला लागल्या, आणि त्यातली बरीच गिऱ्हाइकं अजून टिकून आहेत.

आता अडचण. ऑर्डर पडते घरच्या ग्रुपवर. 'जोशी काकू, दोन पेट्या, पाच डझनी.' त्याखाली आत्याचं सुप्रभात. त्याखाली बारशाचे फोटो. मग भाऊ लिहितो, 'काकूंना एकच, दुसरी त्यांच्या बहिणीला ठाण्याला.' मग कोणाचा तरी अंगठा. हा अंगठा कशाला? बारशाला की ठाण्याच्या पेटीला? संध्याकाळी टेम्पो दारात उभा असताना हे उलगडत कोण बसणार?

माझं मत असं, की बोलायची जागा वेगळी आणि लिहायची जागा वेगळी हवी. ग्रुपवर काय वाटेल ते बोला, पण शीटमध्ये नाही ती पेटी भरली जाणार नाही. गूगल शीटमध्ये साधे रकाने केलेत : तारीख, नाव, पत्ता, फळाचा आकार, पैसे, पेटी नंबर, रवाना. नाव-पत्ता-पैसे बहीण भरते, पेटी नंबर आणि रवाना मी. दुसऱ्याच्या रकान्याला हात लावायचा नाही. हा नियम रुसवेफुगवे टाळायला नाही, रेंजसाठी आहे. आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, रेंज नाही. फाइल ऑफलाइन ठेवली की तिथे भरता येते आणि वर रस्त्याला आलो की आपोआप चढते. पण रेंज नसताना दोघांनी एकाच खान्यात वेगवेगळं लिहिलं, तर मागाहून चढलेलं आधीच्याला पुसून टाकतं. रकाने वाटून घेतले की ती भानगडच उरत नाही.

पेटी भरली की झाकण मारायच्या आधी फोटो. कडेला स्केचपेनने नंबर घातलेला असतो, 'पु-१७' असा, तो फोटोत आलाच पाहिजे. नंतर 'दोन फळं डागी होती' असा फोन आला की फोटो उघडून बघायचा. फळ भरताना डागी होतं की वाटेत दबलं, हे बहुतेक वेळा दिसतं.

आणि एक बारीकशी गोष्ट. काढणीच्या दिवसांत बोटांना चीक लागून लागून कातडी अशी होते की फोन ठसा ओळखतच नाही. पुसा, धुवा, रॉकेल लावा, नाहीच. म्हणून मांगरातल्या फोनला साधं आकड्यांचं कुलूप ठेवलंय. ॲप बनवणाऱ्याला हे सुचायचं नाही, त्याने देठ तुटलेला आंबा कधी हातात धरलेला नसतो.

तर तुम्ही कसं करता ते लिहा. आंबाच असं नाही. होमस्टे, मासळी, बचत गट, गावात बसून कंपनीचं काम, सगळं चालेल. काकांचा आक्षेप नोंदवून थांबतो : 'वहीला चार्जिंग लागत नाही.'

चाकरमानी

आधी खुलासा : तो डोंबिवलीचा भाऊ मी नव्हे. पण मीही तेच काम करतो, ठाण्यात. मालवणजवळच्या मामाच्या पेट्या इथे उतरवून घेतो आणि घरोघर पोचवतो.

शीट वगैरे ठीक, आमची खरी दुखरी नस पैसे जुळवण्यात आहे. ऑर्डर असते 'स्मिता ताई, सोसायटी ब विंग'. पैसे येतात कोणा तिसऱ्याच आडनावाच्या माणसाच्या खात्यातून, कारण भरलेत जावयाने. एका दिवशी सारख्याच रकमेचे सात-आठ भरणे आले की कोणाचे कोणते हे देवालाच माहीत. आम्ही आता पैसे मागतानाच सांगतो, की शेरा लिहायच्या जागी पेटी नंबर टाका. निम्मे लोक टाकतात, निम्मे 'थँक्यू' लिहितात. मग मामाने युक्ती काढली. प्रत्येक पेटीच्या रकमेत नंबराएवढे रुपये कमी करायचे. सतरा नंबरच्या पेटीला सतरा रुपये सूट. गिऱ्हाईक खूश आणि रकमेवरूनच पेटी कळते. नंबर दरवेळी एकपासून सुरू करायचे, नाहीतर सूट वाढत जाते!

खाडीकाठ

@चाकरमानी, मामांना साष्टांग नमस्कार. हे आजच्या आज उचलतो.

हिशेबी

मामांची युक्ती चांगली आहे, पण हिशेब लिहिणाऱ्याच्या दृष्टीने एक सांगतो. पैसे तिघांच्या खात्यांत घेऊ नका. एकच खातं, एकच क्यूआर. दुकानदाराचा क्यूआर घेतला तरी बँक खात्यातून येणाऱ्या युपीआयवर कमिशन कापलं जात नाही, जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. पुष्कळ बागायतदार अजून 'कापतील' या भीतीने घरच्या बचत खात्यावर घेतात आणि मग वर्षअखेरीला आंब्याचे पैसे कुठले आणि मुलाने पाठवलेले कुठले, हे शोधत बसतात.

आणि स्क्रीनशॉटवर पेटी सोडू नका. स्क्रीनशॉट बनवता येतो. आपल्या बँकेत जमा दिसलं तरच झाकणाला खिळा.

हंगामात हमखास येणारा फोन : 'मी लष्करातून बोलतोय, युनिटसाठी चाळीस पेट्या हव्यात, भाव तुम्ही म्हणाल तो.' घासाघीस नाही हीच पहिली खूण. मग तो क्यूआर पाठवतो, 'हा स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील.' पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. काकांच्या वहीच्या पहिल्या पानावर एवढं एक वाक्य लिहून ठेवा, आणि त्याखाली १९३०, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. गेलेच पैसे तर ताबडतोब त्या नंबरावर फोन करायचा. जितका लवकर जाईल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

दर्यावर

माका शुद्ध लिवूक जमणा नाय, चालवन घेवा. आमचो धंदो मासळीचो.

तुमचो आंबो अढीत दोन दिस थांबता. आमचो बांगडो दोन तास थांबना नाय. होडी बंदरात लागायच्या आधी गिऱ्हाईक ठरलेला व्हया. किनाऱ्यापासून लांब गेला की मोबाइल म्हणजे निसतो टॉर्च, थय वायरलेसच कामाक येता. परत येताना रेंज धरली की पयलो मेसेज घराक, दुसरो व्यापाऱ्याक. आणि टाइप करूचा नाय हां, आवाज पाठवचो. हात वल्ले, खारे, स्क्रीन आयकणाच नाय.

हैदराबादच्या इन्कॉइस ह्या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचो अंदाज येता. उपग्रहान पाण्याचा तापमान आणि हरितद्रव्य बघून सांगतत मासे खय गावतीत ते. दिशा, अंतर, खोली सगळा असता. आभाळ ढगाळ असला तर अंदाज येणा नाय. १ जून ते ३१ जुलै बंदीत तर प्रश्नच नाय. अंदाज बरो असता, पण सगळ्यांकाच येता, मगे सगळेच थय जातत. आणि स्वतःक खरी मासळी गावली तर? ग्रुपवर कोण सांगणा नाय. विचारलास तर म्हणतत, 'काय नाय रे, तेलाचो खर्च पण सुटलो नाय.' तेव्हा तुमचा ता ऑनलाइन टीमवर्क घरातल्या घरात ठीक. बंदरात चलणा नाय.

पडवीतून

@दर्यावर, शेवटच्या परिच्छेदावर टाळ्या. आमच्या आयटी कंपन्यांतही हेच चालतं, फक्त तिथे मासळीला 'लर्निंग' म्हणतात.

मी चिपळूणच्या पुढे गावात राहून काम करते. माझी टीम पुणे, बंगळूर आणि इंदूरला. लोकांना वाटतं माडाखाली लॅपटॉप उघडला की झालं. तर काय काय लागतं ते सांगते. एक, फायबर. तो गावात आला ही मोठी गोष्ट, पण महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीच्या दाताला केबल लागली की दिवस गेला. दोन, त्याला जोड म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम, तेही घरात कोणाची रेंज खरंच येते ते बघून. कमी वारंवारितेच्या पट्ट्यातला सिग्नल डोंगराआड आणि भिंतीतून जास्त पोचतो, म्हणून शहरात जी कंपनी वेगवान तीच आपल्या दरीत चालेल असं नाही. तीन, राउटरला छोटा यूपीएस. वीज गेली की घरातला इन्व्हर्टर पंख्याला आणि राउटरला स्वतःचा. बहुतेक राउटर बारा व्होल्टवर चालतात, त्यामुळे ते डबडं स्वस्तात मिळतं आणि तासन्‌तास पुरतं. आणि घरात वाय-फाय असेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. आमच्याकडे त्यानंतर कॉल घ्यायला अंगणात धावायचं थांबलं.

पण यातलं काहीच पावसाळ्यात पुरत नाही, आणि माझ्या मते तेच बरं झालं. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा, म्हणून मी सगळं लिहून द्यायला लागले. काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय, कोणाकडून काय हवंय. सकाळी लिहून टाकायचं, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने वाचायचं. हळूहळू इंदूरच्या माणसानेही तसंच सुरू केलं, त्याला तर रेंजची काही अडचण नव्हती. आता आमची रोजची मीटिंग बंद झाली, आठवड्यातून एकच होते. व्यवस्थापक अजून मधूनमधून 'जरा कॉलवर येता का' म्हणतो. त्याला बोलल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

म्हणून @खाडीकाठ, 'बोलायची जागा वेगळी, लिहायची वेगळी' हे फक्त आंब्याला लागू नाही.

समुद्रासमोर

होमस्टेवाल्यांचं दुःख कोणीच लिहीना म्हणून मी लिहितो. गुहागर तालुका, तीन खोल्या.

आमच्या खोल्या दोन बुकिंग साइटवर आहेत, शिवाय फोनवर आणि ओळखीने येणारे. दोन्ही साइटचं कॅलेंडर एकमेकांना जोडता येतं, पण जोडलं म्हणजे लगेच कळतं असं नाही. एकीकडे खोली भरली की दुसरीकडे ती भरलेली दिसायला मध्ये वेळ जातो. डिसेंबरअखेरच्या शनिवार-रविवारी तेवढ्या वेळात दोन कुटुंबं त्याच खोलीवर येऊन ठेपतात. आता आम्ही गर्दीच्या दिवसांना एकच साइट उघडी ठेवतो, बाकीच्या दिवसांना दोन्ही. तंत्राने सुटत नव्हतं ते दुकान अर्धं बंद करून सुटलं.

कमिशनवर बोलत नाही, बोलायला लागलो तर धागा हायजॅक होईल. पण एक म्हणणं ठाम आहे : साइटवरून येणारा पाहुणा साइटचा असतो. त्याचा नंबर आपल्याला उशिरा मिळतो, पुढल्या वेळी तो पुन्हा साइटवरच शोधतो. त्याला आपला करायचा तर तो इथे असतानाच. आईच्या हातचे मोदक आणि निघताना दिलेली कोकमाच्या आगळाची बाटली, बाटलीवर आमचा नंबर. बाटलीवरून परत आलेले पाहुणे पुष्कळ.

सुरंगी

सगळं वाचलं. छान चाललंय. पण इथे बहुतेक जण स्वतःच्या फोनबद्दल बोलताय. मी ज्या बायकांबरोबर काम करते त्यांच्या हातात फोन असतो, पण तो त्यांचा नसतो.

आमचा गट वेंगुर्ल्याकडचा. कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, काजू. ऑनलाइन विक्री सुरू करायची म्हणून सगळ्यांचा उत्साह. वॉट्सॅप बिझनेसचा नंबर कोणाचा? अध्यक्षबाईंच्या मुलाचा, कारण त्याला जमतं. क्यूआरचं खातं कोणाचं? त्याचंच, कारण ओटीपी त्याच्या फोनवर येतो. कॅटलॉगमधले फोटो त्यानेच काढले, भावही त्यानेच टाकले. पोरगा चांगला आहे, काडीचीही लबाडी नाही. पण तो गोव्याला नोकरीला लागला आणि गटाचा धंदा त्याच्याबरोबर गेला. गिऱ्हाईक विचारतंय 'आगळ आहे का', उत्तर देणारा पणजीत शिफ्टवर. घरात बरण्या भरलेल्या, आणि बायकांना ऑर्डर आली हेच संध्याकाळी कळतं.

माझ्या मते कोकणातल्या डिजिटल धंद्यात मालक कोण, याचं उत्तर सातबाऱ्यावर नाही. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तो मालक. बाग आईच्या नावावर असेल, राबत काकी असेल, पण पासवर्ड ज्याच्याकडे तो ठरवतो कोणाला माल द्यायचा.

@खाडीकाठ, रागावू नका, पण तुमच्या शीटमध्ये काकी कुठला रकाना भरतात?

शिवाय तुम्ही चिकाचं लिहिलंत, तेच आमच्याकडे काजूचं. बिया फोडताना टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी सोलवटते आणि बोटांचे ठसे पुसट होतात. फोन तर सोडाच, आधारच्या मशीनवरही अंगठा लागत नाही. रेशनच्या दुकानात ती बाई तीनतीनदा अंगठा दाबत उभी असते आणि मागची रांग कुरकुरते.

खाडीकाठ

@सुरंगी, रागावण्यासारखं काही नाही, प्रश्न बरोबर जागी लागलाय. काकी पेट्या भरते. आकार लावणं, कुठलं फळ कुठल्या पेटीत, कोणतं आज खाण्याजोगं आणि कोणतं आठवड्याने, हे घरात तिच्याएवढं कोणाला कळत नाही. शीटमध्ये तिचा रकाना नाही. 'फळाची अवस्था' असा रकाना टाकता येईल, त्यात तिने बोलून भरायचं. फोनच्या कळफलकावर मराठी बोललं की टंकून मिळतं, बऱ्यापैकी बरोबर मिळतं. देवगडी हेल काढला तर कधीकधी भलतंच उमटतं, पण 'चार दिवसांनी' वगैरे येतं.

जुनं खोड

बराच वेळ वाचतोय. एक थंड पाण्याचा हंडा ओततो.

थेट विक्री थेट विक्री म्हणता, पण बागेतला किती माल त्या वाटेने जातो? मोठं, देखणं, बिनडागी फळ पेटीत बसतं. उरलेलं वाशीलाच जातं आणि बारीक-डागी कॅनिंगला. तिथला भाव तुमच्या शीटला विचारून ठरत नाही. थ्रिप्स (मोहोरावरची फुलकिडी) आला, अवेळी पाऊस झाला, उष्म्याने फळ गळलं, की मोबाइल काय करणार? आणि तुम्ही 'देवगड हापूस' म्हणून फोटो टाकता, त्याच फोटोखाली परराज्यातला आंबा विकणारा बसलाय. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. मिळाल्यापासून भेसळ थांबली का?

खाडीकाठ

@जुनं खोड, वाशीबद्दल वाद नाही, आमचाही मोठा हिस्सा तिकडेच जातो. पण भेसळीला मोबाइलचा उपयोग होतोय असं मला वाटतं. २०२५च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर आणला. बागायतदाराला झाडांच्या हिशेबानेच स्टिकर मिळतात, त्यामुळे वाट्टेल तेवढ्या फळांना चिकटवता येत नाहीत. ग्राहकाला त्या क्रमांकावरून शहानिशा करता येते. काम वाढतं हे खरं. फळागणिक स्टिकर म्हणजे पॅकिंगला एक माणूस जास्त. पण आमच्या पुण्याच्या गिऱ्हाइकांतले काही जण आता पेटी उघडली की स्टिकरचा फोटो आधी काढतात, आंबा मागाहून खातात.

जुनं खोड

बरं, एवढं मान्य. थ्रिप्सचं मात्र उत्तर आलं नाही.

खाडीकाठ

ते कोणाकडेच नाही हो.

दाभोळखाडी

वहीच्या बाजूने दोन शब्द. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवतं का? आमच्या दापोली-मंडणगडात आणि वर श्रीवर्धनकडे विजेचे खांब आडवे झाले, टॉवर गेले. वीज यायला कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे लागले. मुंबईच्या मुलाला 'आम्ही जिवंत आहोत' हे कळवायला माणूस मोटारसायकलवरून रेंज शोधत जात होता. पुढल्याच वर्षी ऐन मे महिन्यात तौक्ते, उरलासुरला आंबा झाडाखाली. टॉवरला बॅटरी असते, ती संपली की डिझेल, आणि डिझेल पोचवायला रस्ता लागतो.

अशा वेळी ऑफलाइन शीटही फोनच्या चार्जिंगएवढीच. आमच्याकडे हंगामात रोज रात्री त्या दिवसाची यादी वहीत उतरते. नाव, नंबर, पेटी, येणं. दहा मिनिटांचं काम. मुलगा हसतो, हसू दे. गिऱ्हाइकांचे फोन नंबर कागदावर असणं ही तर मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. फोन विहिरीत पडला तर?

चाकरमानी

फोन विहिरीत पडायची गरज नाही, सिम बंद पडलं तरी तेच. आमच्या शेजारच्या बागायतदाराने आंब्यासाठी वेगळं सिम घेतलं. चांगली गोष्ट. जूनमध्ये हंगाम संपला, सिम डबीत. फेब्रुवारीत काढलं तर मेलेलं. नव्वद दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते आणि काही काळाने तो दुसऱ्याला देते. सगळ्या पेट्यांवर छापलेला नंबर आता कोणा परक्या माणसाकडे आहे आणि त्याला एप्रिलमध्ये 'हापूस कधी?' असे फोन येतात. पावसाळ्यातही त्या सिमवर थोडाफार रिचार्ज आणि एखादा कॉल, एवढं ठेवा.

पडवीतून

यावरून @सुरंगी यांच्या गटासाठी सुचतं. मूळ फोन आणि सिम गटाकडेच ठेवा, एखाद्या ताईच्या घरी. वॉट्सॅप एका नंबरावर आणखी चार उपकरणांना जोडता येतं. मुलगा पणजीत बसून आपल्या लॅपटॉपवरून उत्तरं देईल, पण मूळ गावातच राहील. त्याने उद्या लक्ष काढून घेतलं तर त्याचं उपकरण सूचीतून काढून टाकायचं, संपलं. फक्त मूळ फोन अधूनमधून उघडत राहा. चौदा दिवस तो वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात.

आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावा, तिचा पिन गटाच्या ठरावाच्या वहीत लिहा. पुण्यामुंबईचे सुरक्षातज्ज्ञ म्हणतील पिन कागदावर लिहू नये. गावात गटाची वही कपाटात कुलपात असते आणि तिची किल्ली दोघींकडे असते. मला तरी ते एखाद्या पोराच्या डोक्यात पिन असण्यापेक्षा बरं वाटतं.

दर्यावर

ह्या मातर झ्याक सांगितलास. आमच्या होडयेचो नंबर पण होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या जावयाकडे हा. जावय आणि तांडेल बोलणत नाय सध्या.

समुद्रासमोर

@दर्यावर, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, काढाच.

हिशेबी

गटाच्या बाबतीत एक जोड. खातं गटाच्याच नावाचं हवं, ते बहुतेकांचं असतंच. त्याच खात्याचा क्यूआर बँकेतून मागून घ्या आणि जमा झाल्याचा मेसेज गटाच्या सिमवर येईल असं बघा. आवाज करणारी पेटीही मिळते, पैसे आले की मराठीत बोलते. तिचं महिन्याचं भाडं असतं, पण चार बायका काम करत असताना पैसे आल्याचं सगळ्यांना एकदम ऐकू जाणं याची किंमत मला त्या भाड्यापेक्षा जास्त वाटते. मग 'किती आले' हे कोणाला विचारायला लागत नाही.

सुरंगी

@पडवीतून, @हिशेबी, दोघांचंही लिहून घेतलंय. बोलणाऱ्या पेटीची कल्पना तर बायकांना फार आवडेल. पण माझी गाठ आधीची आहे. नंबरच मुलाच्या नावावर आहे. नवा नंबर घेतला तर जुनी गिऱ्हाइकं जातील, लेबलांवरही तोच छापलाय, आणि लेबलं नुकतीच हजारांच्या पटीत आणून ठेवलीत. काय करू?

पडवीतून

लेबलं फेकू नका. सिम त्याच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करता येतं, नंबर तोच राहतो. साधारणपणे कंपनीच्या दुकानात दोघांनाही कागदपत्रं घेऊन जावं लागतं, म्हणून आधी त्या दुकानात फोन करून काय काय लागेल ते विचारा. सध्या ते अध्यक्षबाईंच्या नावावर करा, गटाच्या ठरावात तसं लिहा. नंतर वॉट्सॅपची नोंदणी त्या सिमवरून गटाच्या फोनवर करायची. त्याआधी त्याच्या फोनवरून चॅटचा बॅकअप घ्या, नाहीतर जुन्या ऑर्डरी दिसणार नाहीत.

मुलगा कधी येतोय गावी?

सुरंगी

शिमग्याला येतो म्हणालाय.

पडवीतून

मग पालखी नाचवायच्या आधी त्याला दुकानात न्या. नंतर सापडायचा नाही.